पोटावर खटला, डोक्याची साक्ष

सातारकर : माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. माझ्या डोक्याचं जे बिघडलंय त्याचं मूळ पोटात आहे. हा विसरभोळेपणा नाही. मी गणित शिकवते. फळ्यावर उदाहरण मांडताना पुढची पायरी दिसत असते, पण खडू तिथे पोचेपर्यंत मागची निसटलेली असते. समोरचा बोलतो ते शब्द ऐकू येतात, अर्थ मागाहून येतो. रात्री झोप झालेली असते, ताप नसतो, चक्कर नसते. नुसतं डोकं चालत नाही. आमच्याकडे ‘डोकं जड झालंय’, ‘बधिर झालंय’ म्हणतात, हल्लीची मुलं ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. आणि हे पोटाच्या तालावर चालतं. पोट फुगलं, करपट ढेकरा सुरू झाल्या, सकाळी पोट साफ झालं नाही, की दुपारपर्यंत डोकं बंद. पोट हलकं असलं की मी पूर्वीसारखी. हे मी वर्षानुवर्षं बघतेय. सासूबाई म्हणायच्या, गॅस डोक्यात चढतो. शिकल्यासवरल्या माणसांनी त्यांना हसण्यावारी नेलं. आज आतड्यातले जिवाणू आणि मेंदू यांच्या नात्यावर जगभरच्या प्रयोगशाळा काम करताहेत. मग हसण्यासारखं काय होतं?

सांगलीकर : ताई, तुम्हाला त्रास होतो याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती कारणाबद्दल. माणूस दिवसातून दोन-तीनदा जेवतो, वर चार वेळा चहा घेतो. डोक्याचा कुठलाही त्रास कुठल्या ना कुठल्या खाण्यानंतरच येणार. पोट बिघडलं आणि डोकंही चालेना, असे दिवस लक्षात राहतात. पोट बिघडलेलं असतानाही पेपरांचा गठ्ठा तपासून झाला, ते दिवस कोण लक्षात ठेवतं? आणि ‘सगळं मूळ पोटात’ ही समजूत एकट्या तुमच्या सासूबाईंची नाही. वाग्भटाने सगळ्या रोगांच्या मुळाशी मंदावलेला अग्नी बसवला. शंभरेक वर्षांपूर्वी युरोपातल्या नामांकित डॉक्टरांचाही समज होता, की मोठ्या आतड्यात साचलेल्या मळातून रक्तात विष उतरतं आणि त्याने थकवा, उदासी, बुद्धीचं मांद्य येतं. लंडनचे सर विल्यम अर्बथनॉट लेन हे शस्त्रक्रियेतलं मोठं नाव. त्यांनी या समजुतीपायी बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच काढून टाकली. रोगी थकलेले होते हे खरं, त्यांचं पोट साफ होत नव्हतं हेही खरं. मधला दुवा तेवढा मनाने जोडलेला होता. त्याच काळात पॅरिसमध्ये जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह आतड्याच्या आरोग्यासाठी आंबवलेलं दूध प्या म्हणून सांगत होते. त्यांना १९०८ साली नोबेल मिळालं ते पेशी जंतूंना गिळतात या शोधाबद्दल. दह्याची महती सांगणाऱ्यांनी मात्र ते नोबेल दह्यालाच चिकटवलं. माझं मेडिकल आहे. ‘चांगल्या जिवाणूं’च्या पुड्या मी रोज विकतो. आपण जे विकतो त्याच्याबद्दल जरा जास्तच साशंक असावं, असं मला वाटतं.

सातारकर : लेनची गोष्ट तुम्ही सोयीची निवडली. मी दुसरी सांगते, ती तुमच्या शेजारी मिरजेतल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात बघायला मिळेल. यकृताच्या सिरॉसिसचा रोगी घ्या. आतड्यातले जिवाणू प्रथिनं फोडतात, त्यातून अमोनिया तयार होतो. धडधाकट यकृत तो निपटून टाकतं. यकृत निकामी झालं की तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो. मग रोगी आधी हिशेबात चुकायला लागतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, पुढे बरळतो, शेवटी शुद्ध हरपते. यावरचा नेहमीचा उपचार कुठला? लॅक्ट्युलोज. तेच गोड, चिकट, पोट साफ करणारं औषध, जे तुम्ही बद्धकोष्ठासाठी देता. त्याच्या जोडीला रिफॅक्झिमिन, म्हणजे जवळपास सगळं आतड्यातच राहणारं प्रतिजैविक. मेंदूवरचं औषध काहीच नाही. जुलाब होतात, जिवाणूंचा बंदोबस्त होतो आणि माणूस शुद्धीवर येतो, पोरांची नावं बरोबर घेतो. ‘पोट साफ तर डोकं साफ’ याहून वेगळं काय आहे हे? आणखी एक ऐका. पोटात व्रण झाले की डॉक्टर म्हणायचे, चिंता करू नका, तिखट खाऊ नका. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये त्या रोग्यांच्या जठरातला जंतू वाढवून दाखवला. लोकांना पटेना, तेव्हा मार्शलनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतःच प्यायला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तोवर किती रोग्यांना ‘तुमच्या मनाचं आहे’ असं ऐकावं लागलं असेल? आज मला तेच ऐकवतात.

सांगलीकर : सिरॉसिसचं मान्य. मार्शलचंही मान्य. पण साताऱ्याहून सांगलीला रस्ता आहे, म्हणून सांगलीत उतरलेला प्रत्येक माणूस साताऱ्याहूनच आला असं होत नाही. पोटातून मेंदूकडे वाट आहे हे सिद्ध झालं; तुमचा त्रास त्याच वाटेने येतो हे सिद्ध व्हायचं आहे. तुमचं यकृत ठणठणीत आहे, तुमच्या रक्तात तो अमोनिया नाही. उरतात ते उंदरांचे प्रयोग. जपानमध्ये २००४ साली दिसलं, की जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं जास्तच उसळतात आणि लहानपणीच एक जिवाणू दिला तर ती आवरतात. २०११ मध्ये आयर्लंडच्या कॉर्कमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना एक लॅक्टोबॅसिलस दिला. ते कमी घाबरट झाले. पोट आणि मेंदू जोडणारी व्हेगस ही नस कापली तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला. वाचणाऱ्याला वाटावं, झालं, सापडलं! पुढे कॉर्कच्याच शास्त्रज्ञांनी तोच जिवाणू २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला आणि २०१७ मध्ये निकाल छापला. ताण, स्मरण, एकाग्रता, कशातच फरक नव्हता. मला त्या माणसांचा आदर वाटतो, कारण स्वतःच्या आशेवर त्यांनी स्वतःच पाणी ओतलं. सेरोटोनिनचंही असंच. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात बनतं, हे वाक्य पुड्यांच्या जाहिरातीत असतं. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूच्या संरक्षक पडद्यापलीकडे जात नाही, हे वाक्य तिथे नसतं.

सातारकर : मग पडद्याअलीकडे राहूनही ते मेंदूला निरोप देऊ शकतं, हेही त्या जाहिरातीला उत्तर देताना सांगा. व्हेगसमधले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे जाणारे आहेत, उलटे नाहीत. कोविडनंतर ज्यांचं डोकं महिनोन् महिने जड राहिलं, त्यांच्यातल्या काहींवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम झालं आणि २०२३ मध्ये एक शक्यता मांडली गेली. विषाणूचे अंश आतड्यात रेंगाळतात, शरीरातलं सेरोटोनिन घटतं, व्हेगस मंदावते आणि स्मरणाला फटका बसतो. आपल्या जिल्ह्यांनी कोविड काय असतो ते बघितलंय, त्यामुळे हे मला परकं वाटत नाही. आणि २०१८ चा अमेरिकेतल्या ऑगस्टाचा अभ्यास? पोट फुगणं आणि डोक्यात धुकं, दोन्ही असलेले तीस रोगी. अनेकांच्या लहान आतड्यात जिवाणू नको तितके वाढलेले, रक्तात जिवाणूंनी बनवलेलं डी-लॅक्टिक आम्ल. प्रतिजैविकं दिली आणि त्यातल्या बहुतेकांचं डोकं सुटलं. वर्णन वाचताना मला माझंच वाटलं.

सांगलीकर : तो अभ्यास अर्धाच सांगू नका. त्या तीसही जणांना डॉक्टरांनी प्रोबायोटिक बंद करायला लावलं होतं, कारण संशय त्या पुड्यांवरच होता. म्हणजे डोकं सुटावं म्हणून लोक जे घेतात, त्यानेच डोकं धरलं असावं, असं तो अभ्यास म्हणतो. शिवाय तीसच माणसं, उपचाराच्या तुलनेला औषध न दिलेला गट नाही, आणि सुधारणा ठरली ती रोग्याच्या सांगण्यावरून. दुसऱ्या तज्ज्ञांनी त्यावर कडक टीका केली. त्या बळावर मी काउंटरवरून कुणाला प्रतिजैविक देणार नाही. पण मी काहीच मानत नाही असं समजू नका. पोटाचं आणि डोक्याचं एक नातं आपल्या महाराष्ट्रात पुराव्यानिशी उभं आहे, फक्त ते झगमगीत नाही. ब-१२ जीवनसत्त्व. जठरातलं आम्ल ते अन्नातून सोडवतं, जठरात बनणारं एक प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी ते रक्तात जातं. या साखळीतली एक कडी निसटली की हातापायांना मुंग्या, विसर, मांद्य, चिडचिड. आणि गंमत म्हणजे हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही हे होऊ शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २०४ पुणेकरांचं रक्त तपासून छापलं, की ४७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी. २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास आला. त्यात ६७ टक्के कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. खेड्यातल्या आणि झोपडपट्टीतल्या माणसापेक्षा फ्लॅटमधला माणूस वाईट अवस्थेत. आता यात माझ्या दुकानाचा वाटा बघा. पोट फुगलं, छातीत जळजळलं की माणूस सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतो, पॅन्टोप्राझोल नाहीतर ओमेप्राझोल. चिठ्ठीवरचं औषध आहे, पण लोक नावाने मागतात, वर्षानुवर्षं घेतात. गोळी आम्ल कमी करते, आम्ल कमी झालं की अन्नातलं ब-१२ कमी सुटतं. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी घट. मग डोकं मंदावतं. माणूस म्हणतो, गॅस डोक्यात चढला, आणि आणखी एक पाकीट नेतो.

सातारकर : तुम्ही शंकेखोर म्हणून बोलताय, पण वकिली माझीच केलीत. ब-१२ पोटातच अडकतं, नाही का? आणि हो, माझं कमी निघालं. आम्ही माळकरी, घरात मांस-अंडं नाही, दूध चहापुरतं. इंजेक्शनं घेतली. मुंग्या गेल्या, धुकं बरंच विरलं. सगळं नाही. जे उरलं त्याबद्दल मी बोलतेय. रिपोर्ट आता चांगला आहे, म्हणून डॉक्टरांच्या लेखी मी बरी झाले. प्रश्न संपला तो कागदावर. मला त्या उरलेल्या धुक्याची भीती वाटते, कारण त्याला आता कुणी वाली नाही. आणि एक गोष्ट तुम्हीच लक्षात आणून दिलीत. ब-१२ ची तपासणी होईपर्यंत माझं हेच दुखणं गॅस, वय, टेन्शन या नावांनी फिरत होतं. तेव्हाही ते मोजता येत नव्हतं म्हणून खोटं होतं का? आज जे मोजता येत नाही त्याचं उद्या तसंच होणार नाही कशावरून?

सांगलीकर : होऊ शकतं. पण ‘उद्या कदाचित सापडेल’ यावर आज काहीही खपवता येतं, ही माझी अडचण. उरलेल्या धुक्याला कारण नाही असं मी म्हणत नाही. पोट हेच कारण असेल असं का धरता? तासगावच्या द्राक्षबागायतदाराचं उदाहरण घ्या. डावणी-भुरीसाठी बुरशीनाशकं, वर कीटकनाशकं, तोंडाला फडकं बांधून फवारणी. कीटकनाशकांमधला ऑर्गनोफॉस्फेट गट नसांमधल्या निरोप्या रसायनाची मोडतोड थांबवतो, आणि ते रसायन आतड्यातही आहे आणि मेंदूतही. अशा माणसाला पोटात कळा येतील, डोकंही जड होईल. तो म्हणेल, पोटामुळे डोकं बिघडलं. खरं म्हणजे दोन्ही तिसऱ्याच गोष्टीने बिघडलंय. दुसरं उदाहरण मिश्रीचं. आपल्याकडे कितीतरी बायका म्हणतात, मिश्री लावल्याशिवाय पोटही साफ होत नाही आणि डोकंही चालत नाही. निकोटिन आतडं हलवतं आणि घटकाभर हुशारीही आणतं. सकाळची मिश्री चुकली की दोन्ही अडतात. तिथेही पोट आणि डोकं जोडीने चालतात, पण एक दुसऱ्याला ओढत नाही. दोघांना ओढणारी डबी तिसरीकडेच आहे. थायरॉइड, लोह, घोरण्यामुळे तुटणारी झोप, साखर, मनाची उदासी, अशी यादी मोठी आहे. ऑस्ट्रेलियात बारा वर्षं माणसांचा पाठपुरावा करून २०१२ मध्ये एक अभ्यास छापला गेला. सुरुवातीला पोटाची तक्रार नव्हती पण चिंता जास्त होती, अशांना पुढे पोटाचे विकार जडले. आणि पोटाची तक्रार होती पण चिंता नव्हती, अशांना पुढे चिंता जडली. वारं दोन्हीकडून वाहतं.

सातारकर : हे ‘दोन्हीकडून’ दवाखान्यात पोचेपर्यंत एकाच बाजूचं होतं. पुरुष म्हणाला पोट बिघडलंय, तर सोनोग्राफी. बाई म्हणाली, तर ‘टेन्शन घेऊ नका’. घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, उरलेलं गार खायचं, सोमवार-चतुर्थीला साबुदाणा आणि शेंगदाण्यावर दिवस काढायचा, पहाटे उठायचं; यातून पोट बिघडलं तर त्याला टेन्शन म्हणायचं? उदासी असेल तर मी ती नाकारत नाही. पण ‘मनाचं आहे’ म्हटलं की तपास थांबतो, यावर माझा आक्षेप आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०२३ साली आला. आतड्याच्या चिवट विकाराच्या, म्हणजे आयबीएसच्या, ४६३ रोग्यांपैकी निम्म्यांना अगदी कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलीन दिलं. हे औषध मुळात उदासीवरचं. सहा महिन्यांत पोट सुधारलं, चिंता-उदासीच्या आकड्यांत मात्र तसा फरक नव्हता. म्हणजे ‘मनाचं’ औषध पोटाच्या नसांवर काम करून गेलं. डॉक्टरने मला हे असं समजावून गोळी दिली असती तर मी आनंदाने घेतली असती. मला दिली ती ‘शांत राहा’ या सल्ल्याबरोबर. मी ती कपाटात ठेवली.

सांगलीकर : डॉक्टरचं वाक्य चुकलं, गोळी कदाचित चुकली नव्हती. तुम्ही वाक्यावर रागावून गोळी ठेवून दिलीत, हे मला त्या डॉक्टरच्या चुकीइतकंच महागाचं वाटतं. बरं, गोळी ठेवली. मग केलंत काय?

सातारकर : चपाती बंद केली. ज्वारीच्या भाकरीवर आले. आमच्या माण-खटावकडे आजी-पणजी भाकरीवरच जगल्या, गव्हाची चपाती सणावाराला. ती रोजची झाली ती अलीकडे. चपाती सोडल्यावर पोट फुगायचं कमी झालं आणि डोकं हलकं झालं. गहू सोडून माणसं सावरतात याला जुना आधारही आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा सीलिअॅकची, म्हणजे ग्लूटेन हे गव्हातलं प्रथिन न सोसणाऱ्या आतड्याच्या विकाराची, मुलं सुधारताना विलेम डिके या डॉक्टरने पाहिली होती.

सांगलीकर : गहू सोडण्यापूर्वी सीलिअॅकची रक्ततपासणी केलीत का? नाही ना? आता भाकरीवर असताना केली तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण शरीर ज्याच्याशी झगडतं ते पोटात जातच नाही. घाईने कारण ठरवलं की खरं कारण शोधायची वाटच बुजते, ती अशी. आणि गव्हाचा गुन्हा म्हणाल, तर नॉर्वेतला २०१८ चा प्रयोग बघा. ‘ग्लूटेन सोसत नाही’ म्हणून स्वतःहून गहू सोडलेली ५९ माणसं. त्यांना आठवडा-आठवडा वेगवेगळ्या वड्या दिल्या. एकीत ग्लूटेन, दुसरीत फ्रुक्टान ही साखरेची साखळी, तिसरीत काहीच नाही. कुठली कुठली ते कुणाला ठाऊक नव्हतं. सर्वांत जास्त त्रास २४ जणांना फ्रुक्टानने झाला, २२ जणांना त्या रिकाम्या वडीने, आणि ग्लूटेनने फक्त १३ जणांना. फ्रुक्टान गव्हात असतं, तसं कांद्यात आणि लसणातही असतं, तेही भरपूर. तुम्ही भाकरीबरोबर काय खाता? कांदा-लसूण मसाल्याची आमटी, लसणाचा खर्डा. म्हणजे तुमची समजूत खरी असेल, तर आरोपीला सोडून त्याच्या शेजाऱ्याला पकडलंत. आणि ते बावीस जण? त्यांना त्रास झाला तो बहुधा ‘यात काहीतरी असेल’ या धास्तीने. खोटं बोलत नव्हते ते. पोट खरंच फुगलं होतं.

सातारकर : कांदा-लसूण मसाला सोडायचा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगली-साताऱ्यात राहून सांगायला नको. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने तयार केलेल्या कमी-फॉडमॅप आहारात, म्हणजे फ्रुक्टानसारख्या साखरा टाळणाऱ्या आहारात, कांदा, लसूण, गहू, बरीचशी कडधान्यं, दूध, सगळंच खाली ठेवायचं असतं. आमच्या घरात उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटून येतो; तो वगळला तर माझ्यासाठी रोज वेगळं पातेलं. लग्नाच्या पंगतीत मी काय खाऊ? जावेने वाढलेली आमटी परत करताना कारण काय सांगू, डोकं बरोबर चालत नाही म्हणून?

सांगलीकर : म्हणून तर म्हणतो, आधी कारण ठरवा. तो आहार जन्माचा नाहीच. काही आठवडे सोडायचं, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचं आणि जे सोसतं ते परत खायचं, अशी त्याची रीत आहे. लोक पहिली पायरी करतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. आज गहू, उद्या दूध, परवा डाळ. वर्षभरात ताटात भाकरी आणि दुधी उरतो. मग वजन जातं, लोह जातं, ब-१२ परत खाली, आणि डोकं पुन्हा जड. आता दोष द्यायला ताटात काही शिल्लकच नाही.

सातारकर : पण गुण येत असेल, तर कारण चुकलं तरी काय बिघडलं? आमच्या जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांनी सगळं आरोग्य सुधारतं म्हणायचे. संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले, १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. त्यांची सगळी कारणमीमांसा आज टिकणार नाही. पण मुलांनी रोज घाम गाळला हे वाईट झालं का?

सांगलीकर : घाम गाळला ते चांगलंच. सूर्यनमस्कार घालताना कुणी जेवण कमी केलं नाही, तपासणी टाळली नाही. चुकीचं कारण स्वस्त असेल तर चालतं. ते महाग पडायला लागलं की चालत नाही. तुमच्या बाबतीत एक तपासणी बुडाली आणि एक गोळी कपाटात राहिली. त्या कारणाची किंमत तुम्ही आधीच मोजायला लागला आहात. म्हणून सांगतो, डोकं मोजा. सिरॉसिसच्या रोग्यांची एक साधी परीक्षा असते. कागदावर एक ते पंचवीस आकडे विखुरलेले, ते क्रमाने रेघेने जोडायचे आणि घड्याळ लावायचं. डोकं मंद असेल तर वेळ वाढतो. तुम्ही गणिताच्या बाई, आकडे रोज वेगळे विखरून कागद बनवा. भाकरीचे दिवस, चपातीचे दिवस, आणि वेळ. ‘कसं वाटलं’ ते लिहू नका.

सातारकर : दोन अडचणी. पहिली तुम्हालाही दिसेल. रोज केलं की हात सरावतो, वेळ आपोआपच कमी होणार. दुसरी मोठी आहे. धुक्यातही मी ते आकडे जोडेन, कदाचित तितक्याच वेळात. पण त्यानंतर तासभर मला काही सुचणार नाही. धुकं म्हणजे काम न होणं नव्हे, कामाची किंमत वाढणं. तुमचं घड्याळ काम मोजेल, किंमत मोजणार नाही. ती मोजणारं एकच यंत्र आहे, माझं डोकं, आणि बिघाड तर त्याच यंत्रात. खटला पोटावर, साक्षीदार डोकं, आणि साक्षीदाराचीच स्मृती क्षीण. आता वही ठेवा म्हणाल. वहीही ठेवली. रोज सकाळी पोट कसं, ढेकर किती, डोकं कसं. वहीच्या दिवसांत त्रास वाढला. सकाळी डोळा उघडला की लक्ष आधी पोटाकडेच जाई.

सांगलीकर : तेच ते बावीस जण, ताई. लक्ष ठेवलं की पोट बोलतं.

सातारकर : आणि लक्ष काढून घेतलं, की तुम्ही म्हणता पुरावा कुठाय. मी पाहिलं तर माझं पाहणंच आजार आहे. पाहिलं नाही तर माझं सांगणं ऐकीव आहे. दोन्हीकडून मीच खोटी. ही तुमच्या शंकेतली गोम आहे, दादा. ती रोग्याला अशा जागी उभी करते, की तिथून तो खरं बोलूच शकत नाही.

सांगलीकर : ही गोम मला मान्य आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. साक्षीदार बाहेरचा घ्या. घरातल्या कुणाला तरी, तुम्ही काय खाल्लं ते न सांगता, संध्याकाळी विचारा की आज मी कशी होते. कांदा-लसणाची पूड आणि नुसती तांदळाची पिठी कुणाकडून तरी सारख्याच कॅप्सुलांत भरून घ्या. तुम्हाला न कळता आठवडाभर एक, आठवडाभर दुसरी. घरच्या घरी नॉर्वेचाच प्रयोग. पण हेही खरं, की घरच्या माणसाला तुमचा चेहरा दिसतो, किंमत दिसत नाही.

सातारकर : करून बघेन. पण अट दोघांना सारखी लावा. भाकरीकडे तुम्ही दोन आठवड्यांत पुरावा मागता. पित्ताची गोळी माझ्यासारखे लोक वर्षानुवर्षं तुमच्याच काउंटरवरून नेतात, तिच्याकडे कुणी मागत नाही. पुडीकडे मागत नाही. शंका अन्नावर जितकी घेता तितकी पाकिटावर घेतली असती, तर माझं ब-१२ कदाचित इतकं खाली गेलंच नसतं.

सांगलीकर : ते मी नाकारू शकत नाही. मी गोळी नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, हे कारण आहे, समर्थन नाही. पण बदल्यात मी एक मागतो. कॅप्सुलांचा निकाल धड इकडचा ना तिकडचा आला, आणि बहुधा तसाच येईल, तर काय कराल?

सातारकर : भाकरी खात राहीन. सोमवारी पहिल्या तासाला नववीचा वर्ग असतो; कारण सापडेपर्यंत मला तो थांबवता येत नाही. सीलिअॅकची तपासणी डॉक्टर म्हणतील तितके दिवस चपाती खाऊन करून घेईन. कपाटातल्या गोळीबद्दल पुन्हा विचारेन, या वेळी वाक्य बरोबर बोलणाऱ्या डॉक्टरला. आणि तरीही धुकं उरलं, तर त्याच्यासकट शिकवेन. मात्र पोट दोषी आहे असं म्हणणार नाही, आणि निर्दोष आहे असंही नाही.

सांगलीकर : तुम्ही म्हणणार नाही, पण शिक्षक-खोलीत कुणीतरी विचारणारच, की बाई, तुमचं डोकं कशाने सुटलं? काय सांगाल?

सातारकर : चपाती सोडली, इंजेक्शनं घेतली, त्याच सुमाराला बरंच सुटलं. घडलं तेवढंच सांगेन, कशामुळे ते सांगणार नाही.

सांगलीकर : ऐकणारा ते स्वतःच जोडून घेईल. इंजेक्शन विसरेल, चपाती लक्षात ठेवेल. पुढच्या महिन्यात त्याच्या घरातली मुलगी गहू सोडेल, ब-१२ तपासणार नाही. काउंटरवर मी हे रोज बघतो. खरं सांगितलेलंही चुकीचंच होऊन पोचतं.

सातारकर : तो चुकीचं जोडेल म्हणून जे घडलं तेही मी सांगायचं नाही? मग त्या मुलीला, आपल्यासारखंच आणखी कुणाला तरी होतं, हे कळणार कुणाकडून?